दात न लागलेला कबाब-पाव

१

गिरणीतला मुकादम धोंडीराम जॉबर मंगळवारी दुपारी मेला आणि बुधवारी सकाळी मदारबीची पत्र्याची खोपी गिरणीच्या दरवाज्यासमोर आडवी झालेली होती. पत्रे चेपले होते, तवा गटारात पडला होता आणि पुदिन्याची जुडी लोकांच्या पायाखाली येऊन मातीत मिसळली होती.

रावजी काळोखे तिथं पोचले तेव्हा अकराचा भोंगा नुकताच झाला होता. जेवणाच्या सुट्टीत एरवी या खोपीभोवती माणूस मावत नसे. आज कामगार पडलेल्या पत्र्यांना वळसा घालून मुकाट पुढे जात होते. रावजींनी एका ओळखीच्या विणकराला थांबवून विचारलं, तेव्हा तो खाली बघतच म्हणाला, "बाईनं कबाबात बचनाग घातला म्हनं. पोलिसांनी सकाळीच नेली तिला. मागनं पोरांनी खोपी पाडली." एवढं सांगून तोही गेला.

रावजी तिथंच उभे राहिले. काल सकाळी याच खोपीपुढे उभं राहून त्यांनी याच बाईच्या हातचा कबाब-पाव खाल्ला होता आणि त्यांना काहीही झालं नव्हतं.

रावजींची एकतीस वर्षं रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेली होती. पोतं न उघडता आत काय आहे हे नुसत्या वासावरून सांगणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती. आंब्याच्या पेटीत तळाचे चार आंबे नासले असतील, तरी त्यांना फलाटावरूनच कळे. बायको सारजा जाऊन आठ वर्षं झाली होती. एकुलती मुलगी लांब वऱ्हाडात दिलेली, तिचं दिवाळीला एक पत्र येई. पेन्शन लागल्यावर भवानी पेठेतल्या एका खोलीत ते राहू लागले. पण एका माणसासाठी चूल पेटवायचा त्यांना कंटाळा येई. म्हणून बाहेर खायला लागले, आणि खाता खाता त्यांना एक नाद लागला. सोलापुरात सगळ्यांत चांगला कबाब-पाव कुठं मिळतो, याचा शोध घ्यायचा.

नाद तसा बिनकामाचा होता. पण त्यामुळे रोज सकाळी कुठं तरी जायचं असे. स्टेशनापासून विजापूर वेशीपर्यंत सतरा ठिकाणी त्यांनी तो खाल्ला होता. युसूफशेठच्या शौकत रेस्टॉरंटची गावात तीन दुकानं होती. तिथला कबाब अंड्यात बुडवून, पावाचा चुरा लावून तळलेला असे आणि चौकोनी डबलरोटीच्या दोन कापांत घालून मिळे. तिन्ही दुकानांत चव सारखी, एका तोळ्याचा फरक नाही. सायबाच्या जेवणासारखं सगळं नेटकं. पण रावजींच्या मते पहिला नंबर मदारबीचा. हरभऱ्याची डाळ भरड वाटलेली, पुदिना सढळ, करडईच्या तेलात कडक तळलेला कबाब आणि पोटाशी चिरलेला गोल पाव. बावीस वर्षं ती विधवा बाई एवढी एकच गोष्ट करत आली होती.

रावजींनी हे तिला कधी सांगितलं नव्हतं. तीही कधी बोलत नसे. त्यांचा हा सगळा हिशोब ऐकणारा माणूस गावात एकच होता, आणि गंमत म्हणजे त्यानं जन्मात अंडंसुद्धा चाखलं नव्हतं. संगप्पा कंपाउंडर. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, पेठेतल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात तीस वर्षं औषधं बांधणारा. रोज चार वाजता चहाच्या हॉटेलाबाहेरच्या बाकावर दोघं बसत. रावजी कबाबाचं वर्णन करत आणि संगप्पा शिवपुराण ऐकावं तशा भक्तीनं ऐकत. रावजींचे गुडघे दुखत, तर चोळायला औषधाची बाटलीही तोच आणून देई. संगप्पालाही मागंपुढं कोणी नव्हतं. त्यामुळे चार ते पाच हा तास दोघंही चुकवत नसत.

२

दुपारी चौकीवरून रावजींना बोलावणं आलं. फौजदार इनामदार त्यांना जुने ओळखत होते. पार्सलातल्या एका चोरीच्या वेळी रावजींच्या नाकानं त्यांची अब्रू वाचवली होती.

"तुम्ही रोज त्या बाईकडं खाता, असं कळलं," इनामदार म्हणाले. "हा तिचाच ना, तेवढं सांगा. मग मी हे मुंबईला तपासायला पाठवतो. उत्तर यायला महिना लागेल. पण शुक्रवारी बाईला कोर्टापुढं उभी करायची आहे."

पितळेच्या ताटलीत अर्धा कबाब-पाव होता. धोंडीराम गिरणीच्या चाळीत एकटाच राही, बायको टेंभुर्णीला. मंगळवारी तीनच्या सुमाराला शेजारीण दगडाबाईनं दार लोटलं तर तो मरून पडलेला आणि उशाशी हा अर्धा कबाब-पाव. मोठ्या डॉक्टरांनी प्रेत तपासून बचनागाचं विष सांगितलं होतं. धोंडीराम मदारबीचं रोजचं गिऱ्हाईक, हे सगळ्या गिरणीला ठाऊक होतं. त्यामुळे पोलिसांना फार विचार करावा लागला नाही.

रावजींनी ताटली उजेडाला धरली. दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिली. मग म्हणाले, "हा मदारबीचा नाही. ही डबलरोटी आहे, तिच्याकडं गोल पाव असतो. कबाबाला अंड्याचा लेप आहे. हा शौकतचा."

"पाव तो पाव. आज गोल, उद्या चौकोनी."

"बावीस वर्षांत तिनं चौकोनी पाव आणलेला नाही, साहेब. आणि दुसरं बघा. अर्धा खाल्लेला म्हणताय, तर दात कुठं लागलेत? ही कड सरळ फाटलेली आहे. हा हातानं मोडलाय. ह्याचा घास कुणी घेतलेलाच नाही."

इनामदार ताटलीवर वाकले. रावजींनी मग ती नाकाशी नेली. अंडं, तूप, मिरी. आणि या सगळ्याच्या खाली एक बारीक, थंड वास. कापूर. कबाबात कापूर कोण घालतं? तो वास त्यांच्या ओळखीचा होता, अगदी घरातला होता. पण कुठला, ते त्यांना त्या क्षणी आठवेना.

इनामदार हळूच म्हणाले, "कबाब तिचा नाही, हे मी मानतो. पण कोर्ट मानायचं नाही. तिचा नाही तर कुणी ठेवला, ते मला शुक्रवारच्या आत सांगा."

३

चौकीच्या मागच्या खोलीत मदारबी भिंतीला टेकून बसली होती. इतक्या वर्षांत रावजींनी तिला बसलेलं कधी पाहिलंच नव्हतं. ती रडत नव्हती. खोपीचं काय झालं, ते तिला कळलेलं होतं.

"मंगळवारी धोंडीराम आला होता का तुमच्याकडं?" रावजींनी विचारलं.

"आया था," ती म्हणाली. "पन खाया नहीं. पेट दुखता बोला. मैं बोली, आज कबाब नक्को, पहले दवाखाने कू जाओ. वो गया. बस." थोड्या वेळानं तिनं मान वर केली. "बाबू, तुम रोज आते. कभी एक बात नहीं बोले. आज कायको आये?"

तुमच्या हाताला गावात जोड नाही, हे सांगायला आलो, असं रावजींना म्हणावंसं वाटलं. पण गजाआड बसलेल्या बाईला ते कसं सांगायचं? "बघतो मी," एवढंच म्हणून ते बाहेर पडले.

चाळीतली दगडाबाई पोक्त बाई होती. तिनं घडलं ते नीट लावून सांगितलं. धोंडीराम बाराच्या आत घरी आला, तोच भिंत धरत. तिच्याकडं पाणी मागितलं. ओठाला, जिभेला मुंग्या आल्यात म्हणाला, हातपाय गार पडल्यासारखे वाटतात म्हणाला. पडतो जरा, असं म्हणून आत गेला. मग ती लेकीकडं डबा घेऊन गेली, ती तीनलाच परतली.

"तेव्हा त्याच्या हातात काय होतं?"

"औशदाची बाटली. दुसरं काय बी न्हवतं."

"कबाब-पाव नव्हता? नीट आठवा."

"न्हाय, वो. असता तर मला दिसला नसता व्हय? एका हातानं भित धरलेली, एका हातात बाटली."

रावजींनी खोली पाहिली. पोलिसांनी सामानाची यादी केली होती, तीही इनामदारांनी त्यांना वाचून दाखवली होती. कांबळं, तांब्या, ट्रंक, कंदील. बाटली नव्हती.

म्हणजे मुंग्या आधी आल्या आणि कबाब नंतर आला. विष कबाबातून गेलंच नव्हतं. आणि बारा ते तीनच्या दरम्यान कोणी तरी या खोलीत येऊन एक वस्तू ठेवून गेलं होतं आणि एक घेऊन गेलं होतं.

४

चारला रावजी बाकावर आले. एवढं सगळं मनात घेऊन घरी एकटं बसायची कल्पनाच त्यांना सोसली नसती. संगप्पा आधीच येऊन बसला होता. रावजींनी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. चौकोनी पाव, न लागलेले दात, नाहीशी झालेली बाटली. फक्त कापराचं सांगायचं राहून गेलं.

"धोंडीराम तुमच्या दवाखान्यात आला होता का, मंगळवारी?"

"न्हाई," संगप्पा म्हणाला. "हितं न्हाई आला. गिरणीच्या दवाखान्यात गेला असंल की."

त्याचा चहा बशीत तसाच होता. डोळे आले आहेत, दोन दिवस नीट दिसत नाही, म्हणून तो लवकर उठला. आठ वर्षांत आज पहिल्यांदाच त्यानं रावजींना, सकाळी कुठं खाल्लं ते विचारलं नाही. रावजींना वाटलं, मदारबीचं ऐकून त्यालाही वाईट वाटलं असेल.

गुरुवारी सकाळी ते गिरणीच्या दवाखान्यात गेले. तिथं धोंडीराम आलेला नव्हता. मग त्यांनी कोंडीबाला गाठलं.

कोंडीबा विणकर. महिन्यापूर्वी धोंडीराम जॉबरनं त्याला साच्यावरच्या कामावरून काढून टाकलं होतं आणि तेव्हा त्यानं चारचौघांत, तुला बघून घेतो, अशी धमकी दिली होती. चाळीतल्या लोकांचा मदारबीखालोखाल त्याच्यावर संशय होता. त्यामुळे रावजींना बघताच तो उसळला.

"मी न्हाय मारला त्येला. त्यो मेला त्या दिवशी मी दवाखान्यात व्हतो. ह्यो बगा हात." डाव्या हाताला पट्टी होती. "पेटंत, डॉक्टरांच्यात. डॉक्टर बार्शीला गेल्याले, कंपौंडरनं पट्टी बांदली. आन् धोंडीबी तितंच व्हता की. माज्या म्होरं त्येनं बाटली घितली आन् पायरीवर उबा ऱ्हाऊन एक डोस तितंच पिला. लई कडू म्हनला. मी तोंड फिरवलं, बोललो न्हाय. बोलाया पायजे व्हतं."

"कोणत्या डॉक्टरांच्यात?" रावजींनी विचारलं. त्यांनी ऐकलं होतं. पण त्यांना ते पुन्हा ऐकायचं होतं, कदाचित दुसऱ्यांदा वेगळं निघेल म्हणून.

कोंडीबानं पुन्हा तेच सांगितलं. "तुमचा दोस्त न्हाय का, संगप्पा? त्येच्या हातनंच."

५

तिथून शौकत रेस्टॉरंटचं मंगळवार पेठेतलं दुकान हाकेच्या अंतरावर होतं. पण रावजींना तिथं जायला बराच वेळ लागला. वाटेत ते तीन ठिकाणी थांबले. संगप्पा विसरला असेल. एवढ्या गर्दीत कोण आलं, कोण गेलं, माणूस विसरतो. आणि कबाब तर युसूफशेठच्या दुकानातला. युसूफशेठचा मदारबीच्या जागेवर डोळा, हे जगजाहीर. आता तिथंच काही तरी सापडलं, तर बरं होईल. आपण तपास करायला निघालो नसून कुणाला तरी वाचवायला निघालो आहोत, हे त्यांना चालता चालता कळत होतं.

युसूफशेठ गल्ल्यावर होते. आडपडदा न ठेवता बोलले. गिरणीसमोरची जागा त्यांना हवी होती, हे खरं. पण मदारबीला त्यांनी त्याहून मोठी गोष्ट सांगितली होती. माझ्या तिन्ही दुकानांची वस्ताद म्हणून ये. "ती नको म्हणाली. तिला वाटतं, तीन चुली झाल्या की हात हलका होतो. हे हात माझ्याकडं यावेत म्हणून मी दोन वर्षं खेटे घालतोय, बाबूजी. ते तुरुंगात गेले तर माझा काय फायदा?"

ते खरं बोलत होते. रावजींना ते कळलं आणि नको तो प्रश्न त्यांना विचारावाच लागला.

"मंगळवारी दुपारी इथून कुणी कबाब-पाव बांधून नेला?"

युसूफशेठनी जुन्या वेटरला, चांदसाहेबाला, हाक मारली. त्याला आठवायला एक क्षणही लागला नाही. दोनच्या सुमाराला दुकानात चिटपाखरू नसतं आणि मंगळवारी एकच पुडा बांधला गेला होता.

"वो तो तुमकोच मालूम हुंगा," चांदसाहेब हसत म्हणाला. "तुमारे वो लिंगायत दोस्त आये थे. पसीना पसीना. हात नहीं लगाते थे पुडे कू, रुमाल में पकडे. मैं पूछा, संगप्पा, तुम कब से खाने लगे? बोले, मेरा नहीं, रावजीबाबू कू बुखार है, उनके वास्ते ले जारा." मग त्यानं रावजींकडं जरा निरखून पाहिलं. "अब कैसा है बुखार?"

६

खोलीत आल्यावर रावजींनी कोनाड्यातली गुडघ्याची बाटली घेतली, बूच काढलं आणि नाकाशी धरली. कापूर. त्याखाली उग्र, झणझणीत वास. बाटलीवर संगप्पाच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं, वरून चोळण्याचे, पोटात घेऊ नये. हे लावल्यावर हात साबणानं धुवा, यात बचनाग असतो, असं त्यानंच पहिल्या दिवशी बजावलं होतं. रोज रात्री झोपताना रावजींना येणारा वास हाच. म्हणून तर ताटलीशी तो घरातला वाटला होता.

चारला ते बाकावर गेले. संगप्पा आला. शेजारी बसला. चहा आला. रावजींनी येताना बोलायची वाक्यं जुळवली होती, पण ती सगळी ऐन वेळी निरुपयोगी झाली.

"संगप्पा," ते म्हणाले, "माझ्यासाठी नेलेला कबाब-पाव मला मिळाला नाही."

संगप्पानं बशी खाली ठेवली. मग एकेक गोष्ट सांगू लागला, जणू कधीपासून तो या विचारण्याचीच वाट पाहत होता.

त्याच्या डोळ्यांना वर्षभरापासून नीट दिसत नव्हतं. दोनदा औषधात चूक झाली होती, पण नशिबानं किरकोळ. तिसरी झाली तर तुला घरी बसावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मंगळवारी पोटदुखीचं औषध आणि चोळायचं औषध शेजारीशेजारी भरून ठेवलं होतं. दुपारी एक वाजता एक म्हातारी गुडघ्यासाठी आली, तिला देताना बाटलीचा वास आला नाही, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की दुसरी बाटली धोंडीरामच्या हातात गेली. तो दवाखाना उघडा टाकून धावत सुटला. पण खोलीत पोचला तेव्हा श्वास संपलेला होता. त्यानं बाटली उचलली. बाहेर आला. आणि मग त्याला रावजींचं बोलणं आठवलं, की धोंडीराम मदारबीकडं रोज खातो.

"मटण खराब होतं म्हणतील, असं वाटलं," संगप्पा म्हणाला. "तिच्याकडं जायला धजलो न्हाई, शौकतातनं आणला. मग भ्यालो. तपासलं तर? म्हणून बाटलीतलं थोडं कबाबावर ओतलं. अर्धा खाल्लेला दिसायला पाहिजे होता. तोंडाजवळ नेला, रावजी. न्हाई जमलं. मोडला, अर्धा त्याच्या उशाशी ठेवला आणि अर्धा कावळ्याला टाकला. त्या दिवशी तीनदा आंघोळ केली, तरी हाताचा वास जाईना."

"तिला धरून नेलं ते कळलं नाही का तुम्हाला?"

"कळलं."

"खोपी पाडली ते?"

"कळलं की. काल ठरवलं, आज ठरवलं, जाऊन सांगतो. दोन्ही दिवस दवाखान्याचीच पायरी चढलो." त्यानं चष्मा काढला आणि हातातच धरला. "तुम्हाला तरी लेक आहे. मला दवाखाना सुटला तर नावानं हाक मारणारं कोण होतं?"

"मी होतो की," रावजी म्हणाले.

संगप्पानं चष्मा पुन्हा चढवला. रस्त्यावरून संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी दुकानं थाटणाऱ्यांच्या बैलगाड्या चालल्या होत्या. बांबू, कनाती, पाळण्याचे लाकडी घोडे. त्या सगळ्या निघून जाईपर्यंत दोघं बसून राहिले.

"मी जाऊन फौजदाराला सांगू शकतो," रावजी शेवटी म्हणाले. "पण तुम्ही सांगितलंत, तर ती आज संध्याकाळी सुटेल. आणि तुमचंही थोडं हलकं होईल. मी येतो बरोबर."

संगप्पा उठला. त्याला पायरी नीट दिसेना, तेव्हा रावजींनी त्याचा दंड धरला. भवानी पेठेतून चौकीपर्यंत दोघं तसेच चालत गेले. वाटेत तीन-चार माणसांनी संगप्पाला नावानं हाक मारून, कसं काय, विचारलं. त्यानं प्रत्येकाला थांबून उत्तर दिलं.

७

मदारबी त्याच संध्याकाळी सुटली. पाडणाऱ्या पोरांनीच चार दिवसांत पत्रे ठोकून सरळ केले आणि खोपी पुन्हा उभी राहिली. ऐन गड्ड्याच्या दिवसांत तिच्यापुढं पहिल्यासारखी गर्दी झाली. रावजी गेले तेव्हा तिनं आधी त्यांच्या हातात पुडा ठेवला आणि पैसे घेतले नाहीत.

"तुमचा हात गावात पहिल्या नंबरचा आहे," रावजींनी या वेळी सांगून टाकलं. "सतरा ठिकाणी खाऊन बोलतोय."

ती हसली नाही. तिनं तव्यावरचा कबाब उलटला. "वो तुमारा दोस्त था ना," ती म्हणाली. "मेरे वास्ते तुमारा दोस्त गया." आणि त्यांनी नको म्हणायच्या आत आणखी एक बांधून दिला. तो रावजींनी घरी नेला. गार झाल्यावर खाल्ला.

संगप्पाला दोन वर्षांची सजा झाली. चुकीसाठी थोडी आणि दुसऱ्याच्या माथी मारल्याबद्दल जास्त. चारला रावजी आता बाकावर जात नसत. सकाळी खाल्लेलं सांगायला कोणी नसलं की खाण्याची चवही जिभेवर टिकत नाही, हे त्यांना हळूहळू कळत गेलं. अठराव्या ठिकाणी ते कधी गेले नाहीत.

चैत्रात ते होटगीला गाडी बदलून विजापूरला गेले. तुरुंगाच्या दरवाज्याशी कारकुनानं नाव आत पाठवलं आणि थोड्या वेळानं सांगितलं, की कैदी भेटायला येत नाही म्हणतो. रावजींनी आणलेल्या शेंगाच्या पोळ्या कारकुनाकडं दिल्या आणि पुढच्या गाडीनं परत आले. वैशाखातही तेच झालं. त्यांना राग आला नाही. आपण त्याच्या जागी असतो, तर आपणही आलो नसतो.

ज्येष्ठात ते तिसऱ्यांदा गेले तेव्हा कारकून नवा होता. त्यानं चौकशीचा कागद पुढं ओढला, नाव विचारलं, गाव विचारलं, आणि मग मान वर न करता म्हणाला, "नातं?"

"मित्र."

"नवा हुकूम आहे. आता फक्त घरच्या माणसांना भेट. मित्रांना नाही."

एकतीस वर्षं पार्सल ऑफिसात रावजींनी एकही खोटा शब्द कागदावर जाऊ दिला नव्हता. आणि खरं बोलायला लावून आपल्या एकुलत्या दोस्ताला त्यांनी स्वतःच्या हातानं इथं आणून सोडलं होतं. त्यांनी खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला.

"मग भाऊ लिहा," ते म्हणाले.

कारकुनानं आता मात्र वर बघितलं. एकदा आपण लिहिलेल्या रावजी काळोखे या नावाकडं, एकदा कैद्याच्या लिंगायत नावाकडं. "भाऊ कसा?"

"थोरला," रावजी म्हणाले. "आत तसंच सांगा. थोरला भाऊ आलाय, म्हणावं. भेटल्याशिवाय जाणार नाही."

कारकुनानं लिहिलं आणि शिपायाला आत पाठवलं. रावजी बाकावर बसले. ऊन सरकत सरकत पायांपर्यंत आलं. शिपाई बराच वेळ आला नाही. मग आतल्या फरसबंदीवर पावलांचे आवाज आले. बुटांचे एक आणि त्यांच्या मागं, चाचपडत येणाऱ्या अनवाणी पायांचे दुसरे. रावजी उठून गजांजवळ गेले. ज्याला आता नीट दिसत नव्हतं, त्याला कोणत्या बाजूला यायचं ते कळावं, म्हणून त्यांनी त्याला मोठ्यानं, नाव घेऊन हाक मारली.